विषय : जुनं रूप परत मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
नवे रूप विभाग

(कंपनीचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. हे पत्र कुठल्याही ई-मेल कंपनीच्या दारात पडलं, तरी ते योग्य पत्त्यावर पोचलं असं समजावं.)

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळवतो की, ऐन श्रावणात आपण आमच्या मेलपेटीला नवं रूप बहाल केलंत, त्याबद्दल प्रथम आपलं हार्दिक अभिनंदन. आम्ही ते मागितलं नव्हतं. पण न मागता देतो तोच खरा दाता. सकाळी मेल उघडला तेव्हा पडद्याच्या मधोमध एक रंगीत चौकट होती, तिच्यात फुगे घेतलेली आनंदी माणसं होती आणि खाली दोन बटणं होती : 'चला, पाहू या' आणि 'नंतर'. 'नको' असं बटण नव्हतं. आम्ही 'नंतर' दाबलं. दुपारी चौकट पुन्हा आली, पुन्हा 'नंतर'. संध्याकाळी मात्र चौकट आली नाही, थेट नवं रूपच आलं. 'नंतर' म्हणजे संध्याकाळ, एवढा खुलासा चौकटीत असता तर बरं झालं असतं.

मी एका छोट्या दिवाळी अंकाचा संपादक आहे. दिवाळी अंक म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. थोडक्यात सांगायचं, तर लेखकांनी मुदत संपल्यावर पाठवलेला मजकूर मुदतीच्या आत छापून दाखवण्याची ही महाराष्ट्रातली शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे. हा मजकूर श्रावण-भाद्रपदात मेलवर येतो. म्हणजे वर्षातले दहा महिने आमची मेलपेटी पेंगत असते आणि उरलेल्या दोन महिन्यांत तिला श्वास घ्यायला उसंत नसते. आपण या दोन महिन्यांतला मुहूर्त कसा साधलात, याचं आमच्या कार्यालयात अजून कौतुक चालू आहे.

पूर्वी बटणांवर शब्द असत. आता चित्रं आहेत. एक खोका, त्यात खाली शिरणारा बाण. आमच्या मुद्रितशोधक काकांनी याचा अर्थ 'फाइल उतरवून घ्या' असा लावला. कोणीही शहाणा माणूस तोच लावेल. त्यांनी खोका दाबला आणि एका ज्येष्ठ कवीच्या कविता डोळ्यांदेखत नाहीशा झाल्या. त्या अर्काइव्ह नावाच्या माळ्यावर गेल्या होत्या, पण हे उमगेपर्यंत कवींना 'आपला मेल मिळाला नाही' असं कळवून झालं होतं आणि त्यांनी रागारागाने त्याच कविता दुसऱ्या अंकाला देऊन टाकल्या होत्या. कवितांचा दर्जा पाहता आपण आमच्यावर उपकारच केलेत अशीही एक बाजू आहे. पण ती या अर्जाची नाही.

दुसरं असं की, जोडलेल्या फाइलवर टिचकी मारली की पूर्वी ती संगणकावर उतरायची. आता आपण ती तिथल्या तिथे उघडून दाखवता. सोय म्हणून उत्तम. पण आमचे निम्मे लेखक अजून श्रीलिपीत टंकलेखन करून पाठवतात आणि अंक पेजमेकरवर लागतो. तो फाँट आपल्या खिडकीत नसतो, म्हणून तिथे ललित लेखाच्या जागी रोमन अक्षरं आणि विरामचिन्हांची दंगल दिसते. आमच्या नव्या उपसंपादिकेने असा एक लेख 'प्रायोगिक' म्हणून बाजूला काढून ठेवला होता.

मग मोकळी जागा. दोन ओळींमध्ये आपण इतकं अंतर सोडलंय की एका नजरेत पूर्वी जेवढे मेल मावत, त्याच्या निम्मेच आता दिसतात. डाव्या बाजूला गप्पांचा एक उभा पट्टा आला, बैठकांचा दुसरा. आम्ही मेल वाचायला आलो होतो, बैठक टाळण्यासाठीच तर मेल करतो.

म्हणून परत जायचं ठरवलं. त्यासाठीचा दुवा आपण ठेवला आहे, हे मान्य. तो आधी चाकाच्या चित्रामागे, मग 'सर्व सेटिंग' या पाटीखाली, मग पानाच्या तळाशी, फिक्या राखाडी अक्षरांत आहे. तो दाबला की आपण प्रश्न विचारता : परत का जात आहात? पर्याय तीन. 'नवं रूप समजलं नाही', 'सवय नाही', 'इतर'. 'समजलं, म्हणून जातो आहे' हा पर्याय दिसला नाही.

महोदय, आपण कधी मुंबई-पुण्यात जुन्या इमारतीत राहिला असाल तर हा दुवा काय प्रकार आहे ते मला समजावून सांगावं लागणार नाही. तो संक्रमण शिबिरातला गाळा आहे. इमारत पाडायची ठरलेलीच असते. गाळा मिळतो तो रहिवाशाने आरडाओरडा करू नये म्हणून, आणि त्यालाही काही काळाने तिथल्या नळाची सवय होते. फरक एवढाच की, गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाला आमच्याकडे निदान ५१ टक्के सभासदांची संमती लागते. सर्वसाधारण सभा होते, तीत भांडणं होतात, कोणीतरी इतिवृत्तावर सही करायला नकार देतो. आपल्याकडे यातलं काही होत नाही. बिल्डरांनी आपल्याकडे शिकवणी लावावी.

हे मी तक्रारीच्या सुरात लिहीत नाही. इतिहास पाहून लिहितो. हॉटमेल ४ जुलै १९९६ रोजी सुरू झालं. साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांची कल्पना साधी होती : कुठल्याही संगणकावर बसा, ब्राउझर उघडा, आपलं टपाल वाचा. वर्ष-दीड वर्षात मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं, पुढे त्याचं नाव बदललं, मग पुन्हा बदललं, आणि २०१३पर्यंत सगळ्या हॉटमेलवाल्यांना आउटलुकच्या नव्या घरात हलवून झालं होतं. जीमेल १ एप्रिल २००४ला आलं. तेव्हा हॉटमेलवर दोन एमबी आणि याहूवर चार एमबी जागा फुकट मिळायची, आणि हे म्हणाले, एक जीबी घ्या. तारीख पाहून अनेकांना ती थट्टा वाटली. या जीमेलने 'बीटा', म्हणजे अजून चाचणी चालू आहे ही पाटी जुलै २००९पर्यंत उतरवली नाही. पाच वर्षं चाचणी चालली, पण तेवढ्या काळात कोणाला पत्ता बदलावासा वाटला नाही. कारण पान हलकं होतं आणि बटणं जागच्या जागी होती.

पुढे जीमेलच्याही नव्या रूपांची रांग लागली. २०११च्या नोव्हेंबरात एक आलं. २०१२मध्ये मेल लिहिण्याची चौकटच पानावरून उचलून उजव्या कोपऱ्यात नेली. २०१८मध्ये आणखी एक, २०२२मध्ये आणखी एक. दर वेळी 'जुन्याकडे परत जा' असा दुवा असायचा आणि दर वेळी काही महिन्यांनी तो दुवा नाहीसा व्हायचा.

पण या कलेतला मानाचा तुरा याहूच्या टोपीत. त्यांनी २०१३च्या जूनमध्ये 'क्लासिक' मेल बंद केला. पुढे राहायचं तर नव्या अटी मान्य करा, म्हणजे जाहिराती दाखवण्यासाठी तुमचे मेल यंत्राने वाचू द्या. लोक कुरकुरत गेले. तोच ऑक्टोबरात आणखी एक नवं रूप, आणि त्यात एकाच वेळी अनेक मेल उघडे ठेवण्याचे टॅब काढून टाकलेले. लोकांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम काढली. पुढच्याच महिन्यात याहूच्या वरिष्ठांनी आपल्याच कर्मचाऱ्यांना लिहिलेलं एक पत्र बाहेर फुटलं. कार्यालयातला आउटलुक सोडून आपला स्वतःचा मेल वापरा, असं आवाहन आधी केलं होतं आणि त्याला प्रतिसाद देणारे निघाले २५ टक्के. म्हणजे ज्यांनी स्वयंपाक केला, त्यांच्यातले चारांतले तीन जेवायला बाहेर जात होते. टॅब नंतर परत आले, हेही नोंदवतो. ओरडून कधी कधी मिळतं.

आता मूळ मुद्दा. आपल्या खात्यात आमच्यासारख्यांना 'बदलाला विरोध करणारे' म्हणत असावेत. हे आम्हाला मान्य नाही. पाठवलेला मेल काही सेकंदांत मागे घेण्याची सोय आली तेव्हा आम्ही विरोध केला नाही. त्या सोयीने आमच्या कितीतरी लेखकांशी असलेले संबंध वाचवले आहेत. फसव्या मेलवर लाल पट्टी येते, तीही हवीच. विरोध आहे तो विनाकारण हलवाहलवीला. 'काढून टाका'चं बटण कुठे आहे हे बोटाला ठाऊक असणं, याला आपण सवय म्हणता आणि ती मोडणं आपल्याला फारसं गैर वाटत नाही. पण ते आमचं कसब आहे. ते आम्ही आपल्या उत्पादनावर फुकट काम करून कमावलेलं आहे, आणि आपण ते दर तीन-चार वर्षांनी शून्यावर आणता. बटण शोधण्यात गेलेला आमचा वेळ आपल्या तक्त्यात 'वापर वाढला' म्हणून चढत असेल, अशीही आमच्या काकांना शंका आहे.

माझ्यासारख्याचं फार तर अर्धा दिवस डोकं दुखतं. पण जीमेलचं 'बेसिक एचटीएमएल' नावाचं एक अगदी साधं रूप होतं, ते आठवून पाहावं. मेल उघडायला वेळ लागला की पडद्याच्या कोपऱ्यात त्याचा दुवा दिसायचा. गप्पा नाहीत, शुद्धलेखन तपासनीस नाही, अक्षरं जाड-तिरकी करण्याची सोय नाही. नुसत्या निळ्या दुव्यांची यादी. रेंज एका कांडीवर असलेल्या गावात ते उघडायचं, दहा वर्षं जुन्या संगणकावर उघडायचं. आणि पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अनेक अंध वाचकांना तेच जवळचं होतं, कारण त्यात वाचून दाखवण्यापलीकडे काही नव्हतंच. २०२३च्या सप्टेंबरात गूगलने सूचना दिली आणि २०२४च्या जानेवारीपासून ते रूप बंद करायला घेतलं. यात बदलाला विरोध करणारं कोण होतं? त्यांना तर बदल दिसतच नव्हता.

आपली अडचण मला कळते. दोन रूपं सांभाळायची म्हणजे दोन ठिकाणी दुरुस्त्या, दोनदा चाचणी, आणि जुन्या भिंतीला भोक पडलं तर चोर तिथूनच शिरणार. पण टपाल स्वतः तर जुन्याच वाटेने जातं ना? मेल एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेण्याचे एसएमटीपी नावाचे नियम १९८२ साली लिहिले गेले. त्यांत भर पडली, दुरुस्त्या झाल्या, पण आजही मेल त्याच रीतीने धावतो. कोणी त्याला गोल कोपरे लावले नाहीत. आयमॅप नावाची दुसरी एक जुनी सोय आहे, तिच्यामुळे पेटी तुमच्याकडे ठेवून वाचनाची खिडकी आम्ही आमच्या पसंतीची लावू शकतो. आमच्या कार्यालयात आम्ही अखेर तेच केलं आणि थंडरबर्ड बसवलं. त्याचंही २०२३मध्ये नवं रूप आलेलं आहे, हे नंतर कळलं. पण तिथे ओळींमधलं अंतर कमी करता येतं आणि बटणांवर शब्द लिहून मिळतात, एवढ्यावर आम्ही खूश आहोत. सगळ्यांना मात्र हे जमणार नाही. निवृत्त शिक्षक, पतपेढीतला कारकून, अमेरिकेतल्या मुलाचे फोटो पाहायला मेल उघडणाऱ्या आजी, यांना पेटी म्हणजे तुम्ही दाखवता तीच.

तरी मेहेरबानी करून पुढीलप्रमाणे व्हावं. एक साधं, हलकं रूप कायमचं उभं ठेवावं. त्यात नवं काही घालू नये, फक्त कुलपं बदलत राहावीत. बंद करायचंच असेल तर तारीख फुगे न लावता, मोठ्या अक्षरांत, निदान सहा महिने आधी सांगावी. बटणांवर शब्द असावेत. आणि नवं रूप आणायचंच, तर दिवाळी झाल्यावर आणावं. कार्तिकात आम्ही मोकळेच असतो, तेव्हा वाटेल तेवढं पाहू.

या अर्जाला उत्तर द्यावंसं वाटलंच, तर ते कृपया 'या पत्त्यावर उत्तर देऊ नये' असं लिहिलेल्या पत्त्यावरून पाठवू नये.

आपला,
एक संपादक
(मुक्काम : तूर्त जुन्या रूपात)