योगशिबिरार्थींस सप्रेम सूचना

अय्यंगार पद्धतीच्या पाच दिवसांच्या सखोल शिबिरात, तेही साक्षात अय्यंगार गुरुजींच्या हाताखाली तयार झालेल्या बाईंच्या, तुमचं नाव लागलं की ही बातमी सर्वप्रथम सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावी. सराव नंतर सुरू केला तरी चालतो. "म्हणजे ते पोट आत-बाहेर करतात तेच का?" असं कुणीतरी विचारणारच. त्यावर चिडू नये. आवाज खाली आणून इतिहास सांगावा. बी. के. एस. अय्यंगार 1937 साली, विशीही गाठलेली नसताना, डेक्कन जिमखान्यावर सहा महिने योग शिकवायला म्हणून पुण्यात आले आणि 2014 मध्ये पुण्यातच गेले. 1975 पासून मॉडेल कॉलनीत त्यांची संस्था आहे आणि तिथे शिकायला जगभरातून माणसं येतात. त्याच रस्त्यावरून आपण इतकी वर्षं भाजी आणायला जात होतो, हे मात्र सांगू नये.

तयारीसाठी गुरुजींचं 'लाइट ऑन योगा' (1966) आणावं आणि दिवाणखान्यात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं ठेवावं. त्यात प्रत्येक आसनाला अवघडपणाचा आकडा दिलेला आहे, सोप्याला एक, तर अवघडातल्या अवघडाला साठ. सर्वसाधारण शिबिरार्थी चाळिशीच्या पुढची छायाचित्रं बघत बसतो आणि त्यातलं एखादं आपल्यालाही जमेल अशी स्वतःची समजूत घालतो. ताडासनाचा आकडा एक आहे, ते पान तो उलटून जातो. त्याचं काय होतं ते पुढे येईलच.

पोशाखाबाबत तडजोड नाही. मांडीला इलॅस्टिक असलेली ती फुगीर चड्डी जगभरातल्या अय्यंगार वर्गांत 'पुणे शॉर्ट्स' म्हणून ओळखली जाते. गुडघ्याची वाटी वर उचलली गेली की नाही हे शिकवणाऱ्याला दिसावं, एवढाच तिचा हेतू. सैल ट्रॅक पँट घालून आपलं अज्ञान झाकता येईल असं वाटणाऱ्यांना बाई पहिल्याच दिवशी ती गुडघ्यावर गुंडाळायला लावतात, आणि मग ते दृश्य चड्डीपेक्षा वाईट असतं.

पहिल्या दिवशी वेळेच्या अर्धा तास आधी पोचावं. ध्यानधारणेसाठी नव्हे, ब्लँकेटसाठी. ब्रिक, बेल्ट आणि लोड सगळ्यांना पुरतात. पाठ काढून टाकलेल्या लोखंडी घडीच्या खुर्च्याही मिळतात. पण चांगली जाड, सरळ घडी बसणारी ब्लँकेटं मोजकीच असतात आणि त्यांच्यासाठी एरवी मुंगीलाही वाट देणारी माणसं कोपर वापरतात. मिळवलेल्या ब्लँकेटची घडी हा स्वतंत्र विषय आहे. सर्वांगासनात गुळगुळीत कड खांद्याखाली यायला हवी आणि दशा दुसऱ्या टोकाला. उलटी घातलीत तर बाई काही बोलत नाहीत. तुमची सगळी चळत उचलतात, उलगडतात आणि तुमच्या हातात देतात. अख्खा वर्ग पाय वर करून थांबलेला असतो, तेव्हा आपण जमिनीवर बसून घड्या घालत असतो.

सुरुवातीला पतंजलींची प्रार्थना होते. शेजारची जर्मन मुलगी ती स्वच्छ उच्चारांत, पाठ म्हणते. आपण ओठ हलवावेत आणि शेवटच्या नमस्काराला आवाज चढवावा.

मग ताडासन. नुसतं उभं राहायचं असतं, म्हणून सगळे निर्धास्त असतात. पाऊण तास झाला तरी सगळे उभेच असतात. टाचेची बाहेरची कड दाबा, पायाची कमान उचला, मांड्या मागे, शेपटीचं हाड आत, आणि चेहरा मात्र मऊ. तिसऱ्या रांगेतले एक निवृत्त बँक अधिकारी पोट आत ओढून, श्वास रोखून तपश्चर्येच्या चेहऱ्याने उभे होते. बाई त्यांच्यासमोर येऊन थांबल्या.

"काका, ही करंगळी कुणाची?"

"माझीच, बाई."

"मग ती तिकडे एकटी काय करतेय?"

काकांनी खाली पाहिलं. डाव्या पायाची करंगळी खरोखरच जमीन सोडून वर बसली होती. त्यांनी ती खाली नेली, तर अंगठा वर आला. अंगठा दाबला, तर गुडघा वाकला. बँकेची अख्खी शाखा सांभाळलेला हा माणूस पाच मिनिटं स्वतःच्या पाच बोटांशी वाटाघाटी करत होता. माझ्या मते त्या शिबिरात खरा योग झाला तो तेवढाच. बाकी आम्ही आपले घाम गाळत होतो.

रागावणं हा प्रसाद समजावा. गुरुजींच्या बी. के. एस. या आद्याक्षरांचा 'बीट, किक, स्लॅप' असा विस्तार त्यांच्या पाश्चात्त्य शिष्यांनीच गमतीने केला होता, आणि तरी ते पुन्हा पुन्हा पुण्याला येतच राहिले. बाईंनी तुमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही तर काळजी करावी. अशा वेळी काही जण मुद्दाम चुकतात. तेही बाईंना कळतं, आणि त्या मुद्दामच दुर्लक्ष करतात. वयाची सबब सांगून उपयोग नाही. बेल्जियमच्या राजमाता एलिझाबेथ यांनी ऐंशी ओलांडल्यावर गुरुजींकडून शीर्षासन शिकून घेतलं होतं.

शवासनात घोरल्यास लाजू नये, यहुदी मेन्युहिन यांचं नाव घ्यावं. 1952 साली मुंबईत हा थकलेला व्हायोलिनवादक गुरुजींना पाचच मिनिटं देणार होता. गुरुजींनी त्याला शवासनात झोपवलं आणि तो तासभर गाढ झोपला, अशी कथा आहे. पुढे त्यानेच त्यांना युरोपात नेलं आणि 'लाइट ऑन योगा'ला प्रस्तावनाही लिहिली. अर्थात, तुमच्या घोरण्यातून एवढं काही निघेल अशी अपेक्षा ठेवू नये.

तिसऱ्या दिवशी मांड्या एवढ्या दुखतात की जिना उलटा उतरावासा वाटतो. त्या दिवशी दुपारी मिसळ खायला जाऊ नये. गेलात तर निदान संध्याकाळी पहिल्या रांगेत उलटं लटकू नये.

शेवटच्या दिवशी शंकासमाधान असतं. प्रश्न चित्तवृत्तींबद्दल विचारावा आणि हळूच स्वतःच्या कंबरदुखीवर आणावा, ही रीत आहे. काकांनी मात्र सरळच विचारलं, "बाई, घरी रोज काय करू?"

"ताडासन. दहा मिनिटं."

"आणि त्याच्या पुढचं?"

"ते पुढच्या वर्षी. फॉर्म लवकर संपतात, जाताना नाव नोंदवून जा."