मीच ती, हे किती वेळा सांगायचं?

माझे पैसे परत मिळाले. हे आधीच सांगते, कारण तक्रार सुरू केली की समोरचा पहिल्यांदा तेच विचारतो आणि 'मिळाले' म्हटलं की त्याच्यापुरता विषय संपतो. माझा तिथून सुरू झाला. कार्डावरचे पैसे चोरीला गेले तर पुढे काय करायचं याचे नियम आपल्याकडे आहेत आणि ते चांगले आहेत. पण ज्या बाईचं नाव आणि कागद दुसऱ्याने वापरले, तिला किती खिडक्यांवर उभं करायचं याला काही धरबंध नाही. माझी तक्रार त्या खिडक्यांबद्दल आहे. गोष्टी लहान आहेत, पण त्यांनी माणूस झिजतो.

घडलं ते थोडक्यात असं. कार्ड रायपूरच्या घरी कपाटात होतं आणि रात्रीतून एका परदेशी संकेतस्थळावर त्या कार्डाने खरेदी झाली. मुलीच्या परदेशी विद्यापीठाच्या अर्जाचं शुल्क भरायचं होतं म्हणून कार्डावर परदेशी व्यवहार सुरू केलेले होते. देशातल्या ऑनलाइन खरेदीला रिझर्व्ह बँकेने २००९ पासून दुसरी तपासणी सक्तीची केली, म्हणून आपल्याला ओटीपी येतो. परदेशातला विक्रेता मात्र कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे उचलू शकतो. ओटीपी आलाच नव्हता. सकाळी मेसेज पाहिला, लगेच कार्ड बंद केलं, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावला, तक्रार नोंदवली आणि बँकेची शाखा उघडण्याच्या वेळेला दारात हजर झाले.

तिथे पहिला प्रश्न आला, "मैडम, किसी को ओटीपी तो नहीं बताया?" नाही म्हटलं. "याद कीजिए, बताया होगा." पुन्हा नाही म्हटलं. मग हाच प्रश्न शेजारच्या टेबलावर, मग मॅनेजरांच्या केबिनमध्ये, मग ग्राहक सेवेच्या फोनवर. प्रत्येक वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर किंवा आवाजात तेच, की तुमच्या वयाच्या बायका बोलून जातात. मला या प्रश्नाचा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही. व्यवहार ओटीपीशिवाय झाला हे त्यांच्या संगणकावर दिसत होतं. ते न बघता माणसाकडून कबुली काढायची ही कसली चौकशी?

कार्डाची माहिती खातेदाराच्याच तोंडून फुटते हा समज बँकेत काम करणाऱ्यांनी तरी धरू नये. २०१६ मध्ये देशातली सुमारे ३२ लाख डेबिट कार्डं धोक्यात आली होती. एटीएम आणि दुकानांतली यंत्रं चालवणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत मालवेअर शिरलं होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. बँकेच्या यंत्रणेत घुसून, बनावट कार्डं करून, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले आणि काही रक्कम हाँगकाँगच्या खात्यात वळवली गेली. पुण्याच्या न्यायालयाने त्या प्रकरणात २०२३ मध्ये अकरा जणांना दोषी ठरवलं. त्यात एकाही खातेदाराने कुणाला काही सांगितलेलं नव्हतं.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक यासाठीच आहे, आणि प्रत्येकाने ते छापून घरात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, चोरी तिसऱ्याच ठिकाणी झाली, अशा वेळी बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर नेहमीच्या बचत खात्यावर जास्तीत जास्त दहा हजारांपर्यंत. कळवल्यावर दहा कामाच्या दिवसांत रक्कम खात्यात दिसली पाहिजे आणि नव्वद दिवसांत निकाल लागला पाहिजे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. मी हे परिपत्रक घेऊन गेले तेव्हा खिडकीवरच्या मुलाने ते पहिल्यांदाच पाहिलं. त्याचा दोष कमी आणि त्याला न शिकवणाऱ्यांचा जास्त. पण त्याला शिकवण्याचं काम माझ्यासारख्या लुटल्या गेलेल्या बाईवर का पडावं?

पोलीस ठाण्यातला प्रश्न वेगळा होता. "घटनास्थल क्या लिखें?" कार्ड कपाटात, विक्रेता परदेशात, चोर कुठे ते कोणाला माहीत. त्यावर बराच वेळ गेला. वास्तविक नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानुसार गुन्हा कुठेही घडला तरी ठाण्याने तक्रार घ्यायची आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ सी हे कलम दुसऱ्याची ओळख वापरण्याबद्दलच आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. कायदा इतका स्पष्ट असताना अर्जातल्या एका रकान्यापाशी सगळं अडतं.

आणि मग झेरॉक्स. माझी ओळख चोरीला गेली आहे हे सांगायला मी जिथे जिथे गेले, तिथे तिथे आधार आणि पॅनची झेरॉक्स सही करून द्यावी लागली. शाखेत दिली, तिथल्या दुसऱ्या विभागात दिली, ठाण्यात दिली, नव्या कार्डासाठी दिली. माझे कागद नेमके कुठल्या ढिगातून फुटले ते मला कधीच कळणार नाही, पण ते अशाच एखाद्या ढिगातून फुटले असणार. आता त्या ढिगांत माझी आणखी भर पडली आहे. मी आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत नेली. ती कायदेशीर आहे, आधारच्या संकेतस्थळावरूनच मिळते. ती परत केली गेली, "पूरा नंबर चाहिए." मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयाने, आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, झाकलेली प्रत द्या, असं जाहीर सांगितलं होतं. दोन दिवसांत ते निवेदन मागे घेतलं गेलं, कारण म्हणे गैरसमज होईल. मला त्या दोन दिवसांतला सल्ला योग्य वाटतो आणि तो मागे घ्यायला नको होता.

आम्हा मराठी लोकांना इथे रायपुरात आणखी एक जाच आहे तो नावांचा. तात्यापाऱ्यात, चौबे कॉलनीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांतही तो चुकलेला नाही. आपलं नाव तीन पदांचं. लग्नाआधी मधे वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आणि आडनावही बदललेलं. इथल्या अर्जांत मधल्या नावाला कुणी जागा देतं, कुणी देत नाही, कुणी त्याचं एकच अक्षर घेतं. देशपांड्यांच्या नावातलं 'पांडे' तोडून आडनावाच्या रकान्यात बसवलेलं मी पाहिलेलं आहे. माझ्या पदवीच्या कागदावर माहेरचं नाव, पॅनवर तीन पदं, आधारवर दोन. एरवी हे चालून जातं. चोरी झाल्यावर मात्र हाच फरक माझ्याविरुद्ध उभा राहतो. "ये दोनों आप ही हैं? कुछ प्रूफ है?" प्रतिज्ञापत्र करा, लग्नाचा दाखला आणा. माझ्या नावाने कर्ज काढणाऱ्याला हा फरक आड आला नाही.

हो, कर्जही निघालं. ते नंतर कळलं. नागपूरला माझ्या दिरांना वसुलीचा फोन आला तेव्हा. एका ॲपवरून माझ्या पॅनवर छोटं कर्ज काढलेलं होतं, पत्ता भलत्याच गावचा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर, आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघता येतं. तिथे माझ्या नावावर माझा नसलेला एक नंबर निघाला. तिथेच 'हा माझा नाही' असं कळवण्याची सोय आहे आणि ती चांगली चालते, हे मुद्दाम लिहिते.

क्रेडिटच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळण्याचा आपला हक्क आहे. तो घ्या. चुकीची नोंद असेल तर तक्रार करायची. तीस दिवसांत ती निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा ऑक्टोबर २०२३ चा आदेश आहे. पण कर्ज देणारा म्हणतो कंपनीला सांगा, कंपनी म्हणते कर्ज देणाऱ्याने दुरुस्त करून पाठवलं पाहिजे. दरम्यान वसुलीवाले माझ्या दिरांना आणि मुलीच्या मैत्रिणीच्या आईलाही फोन करतात. त्यांना मी काय सांगू? ज्या माणसांनी मला कधी काही विचारलं नाही, त्यांना मी कर्जबुडवी नाही हे समजावत बसायचं. पैशापेक्षा हे मला जास्त लागलं.

या राज्यात हे कुठवर गेलं आहे ते पाहिलं की माझा त्रास लहान वाटतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सक्ती जिल्ह्यातल्या छपोरा गावात स्टेट बँकेची बनावट शाखाच उघडकीला आली. भाड्याचा गाळा, फर्निचर, खिडक्या, आणि पैसे घेऊन नोकरीला लावलेली माणसं. त्या तरुणांना आपण खऱ्या बँकेत लागलो असं वाटत होतं. त्याच डिसेंबरात बस्तरच्या तालूर गावातलं प्रकरण निघालं. महतारी वंदन योजनेचे, विवाहित बायकांसाठीचे महिन्याचे हजार रुपये, सनी लिओनीच्या नावाच्या खात्यात जात होते. नावामुळे सगळे हसले. मला हसू आलं नाही. खऱ्या बायका मात्र अंगठा उमटत नाही, नाव जुळत नाही म्हणून खेपा घालतात.

आमच्याकडे भांडी-कपड्याला येणाऱ्या ताईंचंही नाव असंच वापरलं गेलं. ओळखीच्या एका मुलाने योजनेचं सांगून त्यांच्या नावाने खातं उघडलं, एटीएम कार्ड आणि सिम स्वतःकडे ठेवलं. त्या खात्यातून दुसऱ्यांचे चोरीचे पैसे फिरले. अशा भाड्याच्या खात्यांविरुद्ध रायपूर पोलिसांनी 'ऑपरेशन सायबर शील्ड' चालवलं, धरपकड केली, ते आवश्यकच होतं. पण ताईंचं जुनं, खरं खातंही गोठलं. "दीदी, मोर खाता ले पइसा नइ निकलत हे," म्हणून त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. खातं का थांबलं हे त्यांना कुणी कागदावर लिहून दिलेलं नाही. १९३० त्यांना माहीत नाही, रिझर्व्ह बँकेचा लोकपाल माहीत नाही. महतारी वंदनचे त्यांचे हजार रुपये त्याच गोठलेल्या खात्यात येतात.

माझं मागणं फार मोठं नाही. तक्रार नोंदवली की जो पोचक्रमांक मिळतो, तो बँकेने, ठाण्याने, कर्ज देणाऱ्याने आणि क्रेडिट कंपनीने एकच धरावा. त्यावर सगळा इतिहास दिसावा, म्हणजे तो पुन्हा तोंडाने सांगायला नको. ओळख पटवायची तर समोर मशीनवर पटवा, झेरॉक्स ठेवून घेऊ नका. वादातल्या कर्जाची वसुली तक्रार निकाली निघेपर्यंत थांबवा. आणि खिडकीवर बसवण्याआधी प्रत्येकाला २०१७ चं ते परिपत्रक वाचायला लावा.

कर्जाची नोंद अजून माझ्या अहवालात आहे. मुदत उलटली आहे आणि रोजच्या शंभर रुपयांची मागणी मी लेखी केली आहे; नाही मिळाले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. पण आधी सोमवारी ताईंबरोबर त्यांच्या शाखेत जायचं आहे. खातं कुणाच्या आदेशाने, किती रकमेसाठी थांबवलं ते लेखी द्या, असा अर्ज मी त्यांच्या नावाने हिंदीत लिहून ठेवला आहे. त्याच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय आम्ही दोघी खिडकीवरून हलणार नाही.