चेक इंजिनवाले काका

गाझियाबादच्या इंदिरापुरममध्ये गाडी ही मालकाने हात लावायची वस्तू नाही. पहाटे बादली-फडकं घेऊन येणारा मुलगा ती पुसतो, नाक्यावरचा मिस्त्री ती उघडतो, मालक फक्त हॉर्न वाजवतो. अशा मुलखात रविवारी सकाळी बेसमेंटमध्ये गाडीच्या तोंडाशी वाकलेला, पांढऱ्या सदऱ्याची बाही कोपरापर्यंत दुमडलेला, सत्तरीला टेकलेला गृहस्थ दिसला तर तो मराठी असण्याची शक्यता बरीच. आणि केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेला असण्याची त्याहून जास्त. आमच्या टॉवरमधले काका असेच. मूळचे सांगलीचे. ऐंशीच्या दशकात दिल्लीला आले ते लवकरच बदली होईल या हिशेबाने, ट्रंकही पुरती न उघडता. बदली झाली नाही. त्या ट्रंकेत आता पाने असतात.

काकांचा मिस्त्र्यांवर राग नाही. फक्त न मोजता सांगितलेलं त्यांना पटत नाही. डॉक्टरने सांगितलेला ताप ते घरी येऊन पुन्हा मोजतात, दूधवाल्याचं लिटर तर कधीच मोजून झालंय. त्यामुळे त्यांच्या 2012 च्या पेट्रोल गाडीच्या डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, तेव्हा ती अडचण नव्हती, आमंत्रण होतं.

सल्ले लगेच आले. मिस्त्री बॉनेट न उघडताच म्हणाला, "सेंसर गया है, बदल देते हैं." सहाव्या मजल्यावरच्या अंकलजींनी त्याहून स्वस्त उपाय सांगितला: "टेप चिपका दो. हमारी तो तीन साल से जल रही है." काकांनी दोघांचंही शांतपणे ऐकून घेतलं. असं शांत ऐकून घेणं हे त्यांच्या जातीच्या माणसाचं सर्वांत धोक्याचं लक्षण.

स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं, त्यात काडेपेटीएवढा स्कॅनर खोचला की मोबाइलवर बिघाडाचा कोड उमटतो. आला तो पी 0135. म्हणजे पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट. इथे सामान्य माणूस सेन्सर विकत आणायला निघतो. काकांनी आधी फ्यूज काढून उजेडात धरला, मग मल्टिमीटरची टोकं हीटरच्या दोन एकाच रंगाच्या तारांना लावली. चांगल्या हीटरचा रोध काही ओममध्ये येतो. इथे मीटर काहीच बोलेना. "तुटलाय," काका म्हणाले. मिस्त्रीचं निदान बरोबरच होतं, पण आता ते सिद्ध झालं होतं. या दोहोंतला फरक कळायला दोन तास गेले, आणि काकांच्या मते ते वाया गेले नाहीत.

काकूंचा प्रश्न सरळ होता. दिल्लीत पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांचा नियम. 1 जुलै 2025 ला जुन्या गाड्यांना पंपावर पेट्रोल द्यायचं बंद झालं आणि आठवड्याभरात ते पुढे ढकललं गेलं. उद्या काय होईल ते कोणी सांगावं? मग या म्हातारीवर खर्च कशाला? काका म्हणाले, "मलाही आता सत्तर लागतील. म्हणून माझ्या चष्म्याचा नंबर बदलायचा थांबवतेस का?" काकू म्हणाल्या, "नाही, पण तुमचा चष्मा मी तुम्हाला घरी घासायला लावत नाही."

या माणसाचं दुसरं लक्षण म्हणजे प्रेक्षक मिळाला की काम थांबतं आणि तास सुरू होतो. नोव्हेंबरचे दिवस, हवेचा निर्देशांक चारशेच्या पलीकडे, बेसमेंटच्या उतारावरून धुरकं आत उतरलेलं. गार्ड म्हणाला, "अंकल, यहाँ ऑक्सीजन है ही कहाँ? सेंसर बेचारा क्या नापेगा?" सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी पाना खाली ठेवला. हवा कितीही घाण असली तरी तिच्यात ऑक्सिजन जवळपास एकवीस टक्केच असतो, आपल्याला मारतात ते बारीक कण. या सेन्सरच्या पोटात झिर्कोनियाची टोपी असते; तिच्या एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला इंजिनाचा धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढी तफावत, तेवढा विजेचा दाब. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. पेट्रोल जास्त झालं तर सेन्सर 0.9 व्होल्टकडे जातो, हवा जास्त झाली तर 0.1 कडे, आणि ते बघून गाडीतला संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. पण हा सेन्सर तीनशे अंशांच्या पुढे तापल्याशिवाय तोंड उघडत नाही, म्हणून त्याला हीटर. तोच मेला, तर थंड इंजिन बराच वेळ अंदाजपंचे पेट्रोल पितं. गार्डने मान हलवली आणि मफलर नाकावर ओढला.

तास तिथे संपला असता. पण काकांनी दिल्ली पाहिली आहे. 1995 मध्ये महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, शिसं असलेलं पेट्रोल देशातून 2000 साली गेलं, कारण शिसं कन्व्हर्टरलाही विष आणि सेन्सरलाही. बस सीएनजीवर गेल्या, 2016 च्या जानेवारीत सम-विषम आलं. ही सगळी स्थित्यंतरं काका अशा सुरात सांगतात की प्रत्येक फाइल त्यांच्याच टेबलावरून गेली असावी. ते खातं वेगळं होतं, हे काकू आठवण करून देतात.

सेन्सर आणायला काका कश्मीरी गेटला गेले. मेट्रोने; गाडीच्या पार्टसाठी गाडी घेऊन त्या बाजारात जाणारा माणूस पार्किंग शोधण्यातच निवृत्त होतो. तिथल्या गल्ल्यांत क्लच प्लेटांचे आणि हेडलाइटांचे ढीग, त्यात हातगाड्या, त्यात चहा. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "ऊपर वाला या नीचे वाला?" म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीचा की नंतरचा. काकांना हा प्रश्न मनापासून आवडला. महिनाभरात त्यांना कोणीतरी पहिल्यांदाच मुद्द्याचं विचारलं होतं. मग त्यांनी कनेक्टरचा फोटो दाखवला, खोक्यावरचा नंबर दोनदा ताडून पाहिला, "ओरिजिनल जैसा" म्हणून पुढे केलेला परत सारला आणि खरा घेतला. सोबत तार बाहेर काढायला खाच असलेला 22 चा सॉकेटही घेतला. मिस्त्रीची मजुरी वाचवायची म्हटल्यावर हत्यारांवर त्याहून जास्त खर्च होणारच, हा या पंथाचा पहिला नियम आहे.

प्रत्यक्ष काम मात्र सुरेख झालं, आणि ते पाहायला मी होतो. इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट केलं, कारण थंड धातूत आटे घट्ट धरून बसतात. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली. कनेक्टरची जीभ अंगठ्याच्या नखाने दाबली. नख तुटलं, जीभ सुटली. आट्यांवर तेल फवारून पंधरा मिनिटं वाट पाहिली. त्या वेळात काकांनी अक्षरशः काहीही केलं नाही, आणि हे मी त्यांच्या बाबतीत पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं. मग सॉकेट चढवला, खाली बघत श्वास रोखला, आणि एकदम 'कडक' असा आवाज आला. माझ्या मते काहीतरी मोडलं. काका म्हणाले, "सुटला." नव्या सेन्सरच्या आट्यांना तांबूस ग्रीस लावलेलंच असतं, ते टोकाला लागू नये म्हणून त्यांनी तो दोन बोटांत धरून बसवला, हाताने शेवटपर्यंत फिरवला आणि मगच पान्याने आवळला.

तार जोडली, कोड पुसला, गाडी सुरू केली. पिवळा दिवा गेला. मोबाइलवर रेघ 0.1 आणि 0.9 च्या मध्ये भराभर वरखाली नाचू लागली. काकांनी काकूंना फोन करून खाली बोलावलं. काकू आल्या, पडद्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

"म्हणजे आता सुरू झाली?"

"बंद कधी होती?"

काकांचं खरं दुःख हेच. त्यांनी आयुष्यभर केलेली सगळी मोठी कामं म्हणजे काहीतरी न होणं: गीझर न गळणं, दार न करकरणं, आणि आता दिवा न लागणं. न लागलेला दिवा कोणाला दाखवायचा? त्याच संध्याकाळी ते मुदत असतानाही पीयूसी करून घ्यायला पंपावर गेले. मुलाने नळकांड्यात नळी घातली आणि म्हणाला, "पास है, अंकल." काकांनी लॅम्डाचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा, आकडा विचारला. एकच्या आगेमागे 0.03 पर्यंत चालतो, आपला किती? मुलाने पावती हातात दिली आणि पुढच्या गाडीला हात केला.

मंगळवारी बेसमेंटच्या खांबावर आरडब्ल्यूएची नोटीस लागली: पार्किंग में वाहनों की मरम्मत वर्जित है. नाव नव्हतं, पण रोख कोणावर होता ते कुत्र्यालाही कळलं असतं. काका कमरेवर हात ठेवून ती वाचत होते. वरची ट्यूब फडफडत होती. नोटीस अर्ध्यावर आली असताना त्यांनी मान वर केली.

"चोक गेलाय," ते म्हणाले, आणि शिडी कोणाकडे आहे ते विचारायला गार्डकडे निघाले.