बांधीत उतरण्यापूर्वी: नवख्या स्नायूधारकांसाठी सूचना

देवरी तालुक्यात ऐन रोवणीच्या दिवसांत मामाच्या गावी येऊन ‘आम्हीपण रोवणी करणार’ असं जाहीर करणाऱ्या शहरी भाच्यांसाठी ही सूचनावली आहे. जिममध्ये कमावलेले दंड जरूर आणावेत, पण ते दाखवू नयेत. धानाच्या बांधीत मामी दंड बघत नाही, ओळ बघते.

साहित्य

१. स्नायू: हाडांना जोडलेले, ६०० च्या वर. मोजत बसू नये, सगळे सोबतच असतात.

२. एटीपी: स्नायूंना थेट वापरता येणारी ऊर्जा या रेणूत असते. सगळ्या शरीरात मिळून तो १०० ग्रॅमच्या आतबाहेर भरतो. शरीर तोच रेणू मोडतं, पुन्हा जोडतं, पुन्हा मोडतं. नुसतं पडून राहिलं तरी दिवसभरात ही उलाढाल ४० किलोच्या घरात जाते. म्हणजे खाटेवर लोळणारा भाचाही रिकामा नसतो. (हे वाक्य मामासमोर वाचू नये.)

३. भात: भरपूर.

४. पऱ्ह्यांच्या (म्हणजे धानाच्या रोपांच्या) पेंढ्या, चिखल आणि पाऊस: यजमानांकडून.

पायरी १: हुकूम सोडा

अंगठा आणि दोन बोटांत दोन-तीन रोपं धरा आणि चिखलात खोचा. तुम्ही ‘खोच’ म्हणता तेव्हा मेंदूतून निघालेला संदेश पाठीच्या कण्यातून चेतातंतूच्या टोकापर्यंत येतो. तिथे असिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, स्नायूपेशीवर विजेची लहर धावते आणि पेशीच्या आतल्या कप्प्यांत साठवलेलं कॅल्शियम मोकळं होतं. हे सारं सेकंदाच्या काही शतांशांत उरकतं. उशीर होतो तो तुमच्या विचार करण्यामुळे.

बोटं मिटणारे बहुतेक दणकट स्नायू बोटांत नसतात, कोपराखाली असतात. तेव्हा रोवणी बोटांनी करा, दुखणं मात्र मनगटाच्या वर शोधा.

पायरी २: ओढा

स्नायूपेशीत ॲक्टिनचे बारीक तंतू आणि मायोसिनचे जाड तंतू एकाआड एक रचलेले असतात. ॲक्टिनवरच्या पकडीच्या जागा एरवी झाकलेल्या असतात. कॅल्शियम आलं की झाकण सरकतं आणि मायोसिनची डोकी तिथे चिकटून हिसका देतात. एका जाड तंतूवर अशी सुमारे ३०० डोकी. एकेक हिसका पाच-दहा नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाच्या आसपास. सगळी डोकी एकदम ओढत नाहीत. रस्सीखेचीत काहींनी दोर धरून ठेवावा आणि बाकीच्यांनी हात पुढे सरकवावेत तसं चालतं. तंतू स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात.

ही गोष्ट १९५४ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन जोड्यांनी मांडली: अँड्र्यू हक्सली व रॉल्फ नीडरगेर्के आणि ह्यू हक्सली व जीन हॅन्सन. दोन्ही हक्सली एकमेकांचे कोणी नव्हेत. देवरीत हे कोणाला पटवू नका. आडनाव जुळलं की इथे नातं निघतंच.

पायरी ३: सोडा

नवखे इथेच फसतात. ओढायला शक्ती लागते आणि सोडणं फुकट, असा त्यांचा समज असतो. चिकटलेलं मायोसिनचं डोकं सुटायला नवा एटीपी रेणू येऊन बसावा लागतो. कॅल्शियम परत कप्प्यांत भरायलाही एटीपीच खर्चावा लागतो. मृत्यूनंतर एटीपी बनणं थांबतं, डोकी अडकून राहतात आणि देह काही तासांत ताठरतो. थोडक्यात, सैल पडणं ही जिवंतपणाची खूण आहे. पण बांधीत तिचं प्रदर्शन नको.

पायरी ४: वाकून राहा

आता मुख्य काम. कमरेत वाका आणि मागे मागे सरकत ओळ धरा. दहा मिनिटांनी तुम्ही धुऱ्याकडे, म्हणजे बांधीच्या कडेकडे, बघाल. बघू नका, तो जवळ येत नाही.

पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. पाठ जागची हलली नाही, म्हणून तिचं कार्य शून्य. पाठीला हे पुस्तक माहीत नसतं. अर्धवट वाकलेलं धड तोलून धरताना मायोसिनची डोकी सारखी पकडतात, सुटतात, पुन्हा पकडतात, आणि दर खेपेला एटीपी मोडतो. शिवाय ताणून धरलेला स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबतो, त्यामुळे प्राणवायू कमी पोचतो. पूर्ण खाली वाकलं की पाठीचे स्नायू बरेचसे शांत होतात, पण भार अस्थिबंधांवर जातो. सुटका दोन्हीकडे नाही. मधूनमधून सरळ उभं राहणं हाच उपाय. त्याला आळस म्हणू नये, रक्तपुरवठा म्हणावा.

पायरी ५: इंधन भरा

स्नायूतला तयार एटीपी जोराच्या कामात दोन-तीन सेकंदांत संपतो. मग क्रिएटिन फॉस्फेटचा राखीव साठा आणखी दहाएक सेकंद ओढून नेतो. भाच्याचा उत्साह साधारण इथवर टिकतो. पुढे स्नायूतलं ग्लायकोजेन प्राणवायूविनाही मोडता येतं, पण त्यावर मिनिट-दोन मिनिटंच निभावतं. दिवसभराची रोवणी चालते ती प्राणवायूच्या साथीने ग्लुकोज आणि चरबी जाळून. मामी घाई का करत नाही, ते इथे कळेल: तिचा वेग श्वासाला परवडणारा असतो.

भातातल्या पिष्टाचं ग्लुकोज होतं, त्याचं ग्लायकोजेन होऊन स्नायूत आणि यकृतात साठतं. म्हणून दुसरं ताट नाकारू नये. खाल्लेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा कामाला लागतो, बाकीची उष्णता होते. दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. पाणी पीत राहा. पावसात भिजणं म्हणजे पाणी पिणं नव्हे.

अडचणी आणि उपाय

*तक्रार: संध्याकाळी ठीक होतो, दुसऱ्या दिवशी उठवत नाही.*
ही साधारण रीत आहे. सवय नसलेलं काम केलं की दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं. लॅक्टिक आम्लाला दोष देऊ नका, ते तासाभरात आवरलेलं असतं. ताणलं जात असतानाच जोर लावणाऱ्या स्नायूंना, म्हणजे हळूहळू खाली वाकताना मांडीमागच्या आणि पाठीच्या स्नायूंना, बारीक इजा होते. दुखतं ते त्यामुळे. आठवडाभरात उतरतं, आणि पुढच्या खेपेला कमी दुखतं.

*तक्रार: दंड मोठे असूनही मामी पुढे गेली.*
वजन उचलायला झटपट थकणारे जोरकस तंतू कामी येतात, वाकून दिवस काढायला संथ आणि चिवट तंतू लागतात. तुम्ही आरशासाठी कमावलं, तिने धानासाठी.

शेवटची सूचना

या पाचही पायऱ्या देवरीच्या बायका पावसाळ्यात दर वर्षी, न वाचता, पार पाडतात. पुस्तक त्यांच्या वाकलेल्या पाठीच्या नावे शून्य लिहितं. तुम्ही मजुरीचा हिशेब कराल तेव्हा तसं लिहू नका.