अननस खातो भाव

डोंबिवलीच्या फडके रोडपासून ठाण्याच्या घोडबंदर रोडपर्यंत हल्ली घरगुती थाई जेवणाची साथ आली आहे. चिकट तांदळाचा भात, नारळाचं दूध, साखर, चिमूटभर मीठ आणि शेजारी आंब्याच्या फोडी. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो पडायचा अवकाश, ऑर्डरी फुल्ल! त्याच सोसायटीतल्या काकू नारळी पौर्णिमेला गूळ, लवंग, काजू, बेदाणे घालून नारळीभात करतात. तो मात्र नातवंडं ‘फार गोड आहे’ म्हणून बाजूला सारतात. चिकट भातातली साखर बहुधा विमानाने येताना विरघळत असावी.

अननस घातलेल्या फ्राइड राइसची तीच कथा. लग्नाच्या पंगतीतल्या अननसाच्या शिऱ्याला नाकं मुरडणारी मंडळी अर्ध्या अननसाच्या करवंटीत वाढलेला भात बघून मोबाइल काढतात. करवंटी खायची नसते, पण पैसे तिचेच.

आता या अननसाच्या भाताच्या ‘अस्सल आशियाई’ चवीबद्दल. अननस आणि काजू मूळचे दक्षिण अमेरिकेतले, पोर्तुगिजांनी जहाजातून इकडे आणलेले. शेंगदाणा आणि मिरचीही अमेरिका खंडातलीच. म्हणजे त्या भातात आशियाचा असा मुख्यतः तांदूळच उरला, आणि तो तर मुरबाड-शहापूरलाही पिकतो.

तरी आंब्याचा तो चिकट भात लागतो छानच, यात वाद नाही. तो जरूर मागवा. फक्त यंदा काकूंच्या नारळीभाताच्या डब्यालाही तेवढेच पैसे मोजा. त्यात काजू जास्त असतात.