लाईट गेली, बरं झालं

आमच्या गल्लीत लाईट गेली की पहिला आवाज पोरांचा येतो, दुसरा समोरच्या काकूंचा आणि तिसरा माझ्या रेडिओचा. पहिले दोन आवाज दुःखाचे असतात. तिसऱ्याबद्दल गल्लीत संशय आहे.

संशयाला कारणही आहे. लाईट गेल्यावर खूश होणारा माणूस बीडमध्ये एक तर इन्व्हर्टर विकत असतो किंवा त्याचं मीटर आधीच काढून नेलेलं असतं. मी दोन्हींत बसत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि उरलेल्या वेळात हॅम आहे. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, एक संकेतनाव मिळवायचं आणि स्वतःच्या संचावरून जगाच्या पाठीवरच्या तसल्याच दुसऱ्या माणसाशी गप्पा मारायच्या. राजीव गांधींकडेही हा परवाना होता, त्यांचं संकेतनाव व्हीयू-टू-आरजी. लग्नाच्या बोलणीत वजन पडावं म्हणून मी हे सासऱ्यांना सांगितलं होतं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "म्हणजे तुम्ही काँग्रेसचे?"

लोकांना वाटतं हॅमची खरी अडचण रेडिओ मिळवण्याची किंवा अँटेना बांधण्याची असते. अँटेनाचं काय, गच्चीवर बांबू उभा केला, दोन्हीकडे दहा-दहा मीटर वायर ताणली, की झालं. त्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत एवढं घरच्यांना पटवायला काय वेळ लागेल तो लागेल. खरी अडचण आहे ती १३.८ व्होल्टची.

माझा संच यासूचा एफटी-८१७ आहे. वजन सव्वा किलोच्या आत. खांद्याला अडकवा, डोंगरावर जा, बोला, परत या, यासाठी केलेली वस्तू. बाहेरून १३.८ व्होल्ट दिले तर ५ वॅट सोडतो. मी तो घरात, कपाटाशेजारच्या टेबलावर वापरतो आणि अनुभवानं सांगतो की डोंगर परवडला. डोंगरावर कुणी मिक्सर लावत नाही.

१३.८ हा आकडा आमच्या इलेक्ट्रिशियन मामांना आजवर पटलेला नाही. "सर, बारा तरी म्हणा, नाहीतर चौदा तरी म्हणा. तेरा पॉइंट आठ म्हणजे काय भाजीचा भाव आहे का?" मी त्यांना समजावतो: गाडीची बॅटरी नावाला बारा व्होल्टची, पण तिच्यात सहा कप्पे, आणि भरती चालू असताना एकेक कप्पा २.३ व्होल्टच्या आसपास जातो. सहा गुणिले २.३ किती? रेडिओ मुळात गाडीत बसवायचे म्हणून सगळ्यांनी तोच आकडा धरला. मामा हिशेब ऐकतात, मान डोलवतात आणि जाताना म्हणतात, "पन बाराच चालतंय."

भिंतीतल्या २३० व्होल्टचे १३.८ करायचे दोन मार्ग. एक जुना, ट्रान्सफॉर्मरवाला. लोखंड आणि तांब्याचा ठोकळा, उचलताना कंबर धरते, पण स्वभावानं सज्जन. रेडिओला त्याच्यापासून त्रास नाही. फक्त त्याला समोरून पुरेसे व्होल्ट लागतात. संध्याकाळी गावभर फॅन, टीव्ही, मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे २३० चे १८० होतात. मग हा ठोकळा गुरगुरायला लागतो आणि माझ्या बोलण्याच्या मागे ती गुरगुर थेट केरळपर्यंत ऐकू जाते. तिकडच्या एका हॅमनं मला इंग्रजीत फार अदबीनं विचारलं होतं, की तुम्ही पिठाच्या गिरणीतून बोलताय का?

दुसरा मार्ग एसएमपीएस. हलका, स्वस्त, १०० व्होल्टवरही चालतो. संगणकाच्या जुन्या डब्यातून काढून, थोडं खाटखूट करून, बाराचे १३.८ करून घेणारे लोक आहेत. मी विकत आणला. जोडला, रेडिओ चालू केला, आणि सबंध पट्ट्यावर एकच आवाज: किर्रर्र. कारण साधं आहे. हा डबा वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो, आणि त्या तोडजोडीचे पडसाद पार सात मेगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे नेमके मी जिथं कान लावून बसतो तिथपर्यंत, येतात. येणाऱ्या सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरची रेघ नऊवर जाऊन बसली. पाच वॅटवाला कुठला दूरचा माणूस या गोंगाटात ऐकू येणार?

डब्याला फेराइटची कडी घातली, वायरीचे वेढे दिले, डबा टेबलाखाली हलवला. थोडा फरक पडला. मग लक्षात आलं की गुन्हेगार एकटा तो नाहीच. एका रविवारी बॅटरीवरचा छोटा रेडिओ हातात घेऊन घरभर फिरलो. मुलाचा मोबाईल चार्जर: किर्र. स्वयंपाकघरातला एलईडी: झुंयय. फॅनचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर: याचा आवाज फॅनच्या वेगाप्रमाणे बदलत होता, तेवढी त्याची कदर केली. सेट टॉप बॉक्स बंद असतानाही बोलत होता. बायको दारात उभं राहून माझी ही तपासणी बघत होती. देवघरातल्या चिनी माळेपाशी मी रेडिओ नेला तेव्हा ती म्हणाली, "अहो, देवाला तरी सोडा."

एमसीबी पाडून घर शांत केलं तरी शेजारचे होतेच. त्यांच्या घरात कुठल्या तोंडानं शिरणार?

आणि त्याच संध्याकाळी लाईट गेली. एका घराची नाही, अख्ख्या फिडरची. डीपीवर काहीतरी झालं असं ओरडत कुणीतरी गेलं. एफटी-८१७ त्याच्या पोटातल्या सेलवर चालू राहिला आणि मी जे ऐकलं ते सांगितलं तर लोक हसतील: काहीच ऐकलं नाही. किर्र नाही, झुंय नाही. मीटरची रेघ नऊवरून एकवर. सातशे-आठशे घरांचे चार्जर, बल्ब, बॉक्स एका झटक्यात गप्प. आणि त्या शांततेत कोपऱ्यातून बारीकसा मोर्स ऐकू आला, टिक-टिकटिक, कुणीतरी लांबून हाका मारत होता. एरवी हे लोक रोजच येत असणार. आमच्याच गोंगाटात बुडून जात होते.

तेव्हापासून माझी अवस्था जरा चमत्कारिक झाली आहे. सगळं गाव लाईट यावी म्हणून वर बघतं, मी जाण्याची वाट बघतो. पावसाळ्यात वारा सुटला, तारा झोंबल्या, की काकू "गेली मेली" म्हणतात आणि मी हेडफोन काढतो. आणि बीडमध्ये अशा हौसेला संधी कमी पडत नाही. खरं म्हणजे वीज आमच्याच जिल्ह्यात तयार होते. परळीचं औष्णिक केंद्र १९७१ पासूनचं. सुरुवातीला ३० मेगावॉटचे दोन संच, मग २१० चे तीन, मग २५० चे तीन. जुने पाच निकालात निघाले, आता २५० चे तीन उरलेत. २०१३ च्या दुष्काळात कोळसा होता पण पाणी नव्हतं, म्हणून अख्खं केंद्र बंद ठेवायची वेळ आली, २०१५ ला पुन्हा तेच. चालू असतं तेव्हाही वीज आधी ग्रीडमध्ये जाते, राज्यभर फिरते, आणि लग्नघरच्या यजमानासारखे आम्ही शेवटच्या पंगतीला बसतो. तक्रार नाही. मला तर पंगत उशिरा बसलेलीच बरी.

पण लाईट नसताना बोलायचं तर बॅटरी हवी, आणि पोटातले सेल फार वेळ टिकत नाहीत. इथून घरात खरा संसार सुरू झाला.

पहिली बॅटरी शिसे-आम्लाची. भरताना हायड्रोजन सोडते म्हणून गॅलरीत ठेवली. डिस्टिल्ड वॉटर घालायचं, शेंड्यांवरची हिरवट बुरशी गरम पाण्यानं धुवायची, अर्ध्याखाली उतरू द्यायची नाही. आईनं तिच्याशेजारी सतरंजी वाळत घातली आणि संध्याकाळी सतरंजीला चाळण झालेली दिसली. आईनं भोकांतून माझ्याकडे बघितलं. "तुझ्या वडलानं दारू पेली असती तरी इतकं नुकसान झालं नसतं," असं ती म्हणाली. वडील आतून म्हणाले, "मला कशाला मधी घेता?"

याच सुमाराला चुलतभाऊ आला. तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर जातो. या विषयात आमच्या भागातले खरे तज्ज्ञ म्हणजे हे ट्रॅक्टरवाले. डीसी वीज त्यांच्याइतकी कुणी वापरत नाही: पुढे दिव्यांच्या रांगा, मागे दिव्यांच्या रांगा, मडगार्डवर अँप्लिफायर आणि त्यावर एवढाले स्पीकर, की ऊस येण्याच्या अर्धा तास आधी गाणं येतं. त्यानं माझा रेडिओ हातात घेऊन उलटसुलट केला.

"किती वॅट हाय?"

"पाच."

"पाचशे?"

"पाच."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "दादा, आपला हॉर्न याच्यापेक्षा जास्त खातो." मी त्याला सांगितलं की पूर्वी देवघरात लावायचा झिरोचा बल्बही पंधरा वॅटचा असायचा, आणि त्याच्या एक तृतीयांशात मी जपान गाठतो. त्याला जपानपेक्षा माझी काळजी जास्त वाटली असावी, कारण तो म्हणाला, "ट्रॅक्टर आणून लावू का गच्चीखाली? हेड चालू ठेवतो, लागंल तेवढं घे." चौदा व्होल्ट, अखंड, थेट अल्टरनेटरमधून. तत्त्वतः यात काही चूक नव्हती. फक्त डिझेलचं इंजिन चालू ठेवून शांतता ऐकायची, हे मला जमलं नसतं.

शेवटी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेतली. ३.२ व्होल्टचे चार सेल, मिळून १२.८, आम्ल नाही, पाणी नाही, सतरंजीला धोका नाही. १२ अँपिअर-तासाची. ऐकताना संच जेमतेम अर्धा अँपिअर घेतो, बोलताना दोन; चार भागांत तीन भाग ऐकणं आणि एक भाग बोलणं धरलं तर बारा-चौदा तास सहज. (हे प्रमाण घरातही पाळावं, असं एक मत घरात आहे.) शिशाची बॅटरी हळूहळू कुरकुरत उतरते, ही शेवटपर्यंत हसतमुख असते आणि मग वाक्याच्या मध्येच बंद पडते. बॅटरी कुणाचीच सगी नाही, याचा मोठा दाखला इस्रोचा आहे. ५ मे २००५ रोजी पीएसएलव्हीनं हॅमसॅट नावाचा उपग्रह खास आम्हा हौशी मंडळींसाठी वर सोडला. दोन वर्षं चालावा ही अपेक्षा, चालला नऊ. २०१४ च्या जुलैमध्ये त्यानंही मान टाकली. कशानं? लिथियमची बॅटरी गेली. आमचे इलेक्ट्रिशियन मामा म्हणाले असते, पाणी टाकलं नसंल.

भरण्यासाठी गच्चीवर सौर पत्रा टाकला. बीडमध्ये पाण्याचं दुर्भिक्ष आहे, उन्हाचं नाही, हे मी गृहीत धरलं होतं. पण एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या उन्हालाही मालक असतो. आईनं कुरडया, सांडगे आणि ज्वारीचे पापड पसरले आणि माझा पत्रा टाकीच्या सावलीत नेऊन ठेवला. मी म्हणालो, आई, हा सावलीत चालत नाही. ती म्हणाली, पापड तरी कुठं वाळतेत? अखेर वाटणी झाली: अकरापर्यंत पापड, नंतर पत्रा. पत्र्याचा कंट्रोलरही किर्र करतोच, म्हणून बोलताना तो काढून ठेवावा लागतो. शिवारात आता घरोघरी सौर पंप आलेत, तेव्हा पुढे कुठं पळायचं हा प्रश्न आहेच.

बायको या सगळ्याकडे तटस्थपणे बघत होती असं मला वाटत होतं. एका रात्री लाईट गेली, मी हेडफोन चढवले, आणि ती मोबाईलच्या उजेडात वायफायचा राऊटर उलटा धरून काहीतरी वाचताना दिसली.

"अहो, याच्यावर बारा व्होल्ट लिहिलंय."

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

"तुमची बॅटरी पण बाराचीच ना? तेरा पॉइंट आठ-बिठ ते मामांना सांगा."

आता बॅटरीच्या दोन वायरी निघतात. एक माझ्याकडे, दुसरी राऊटरकडे, आणि राऊटर किर्र करतो. मालिका संपेपर्यंत माझी शांतता तहकूब असते.

"याचा उपयोग काय पण?" हा प्रश्न पाहुण्यांकडून ठरलेला. तेव्हा मी किल्लारीचं सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायच्या आत भूकंप झाला. आमच्याकडच्या जुन्या लोकांना ती पहाट आणि त्यानंतर अंगणात काढलेल्या रात्री अजून आठवतात. त्या भागात तेव्हा ठिकठिकाणचे हॅम संच घेऊन पोचले होते आणि निरोप पोचवत होते. २००४ च्या त्सुनामीत अंदमानातून भारती प्रसाद यांनी हेच केलं. तारा तुटल्या की ज्याची बॅटरी भरलेली तोच बोलतो. पाहुणे गंभीर होतात, क्षणभर आदरानं संचाकडे बघतात आणि मग विचारतात, यावर मोबाईल चार्ज होतो का?

गल्लीला मात्र उपयोग आधीपासूनच माहीत आहे. गल्लीच्या मते माझ्याकडे वायरलेस आहे, वायरलेस पोलिसांकडे असतो, म्हणजे मी सरकारी माणूस आहे. परवाच्या रात्री वादळात सगळं ठप्प झालं, आणि मी नुकताच एका जपानी स्टेशनला मोर्समध्ये गाठून रिपोर्ट घेतला होता, तेवढ्यात खालून काकांनी हाक मारली. मागं दहा-बारा जण.

"सर, सबस्टेशनला इचारा की, लाईट कव्हा येणारय."

मी गॅलरीतून सांगितलं, काका, यावरून सबस्टेशनला बोलता येत नाही. परवानावाल्यानं परवानावाल्याशीच बोलायचं असा कायदा आहे.

"मग आता कुणाशी बोलायलाव?"

"जपानशी."

"जपानला लागतोय आन् सबस्टेशनला लागत न्हाई?"

"नाही लागत."

काकांनी मागच्या मंडळींकडे बघितलं, थोडा विचार केला आणि वर तोंड करून म्हणाले, "मग त्या जपानवाल्याला सांगा, सबस्टेशनला फोन लाव म्हनावं. आमचा उचलना गेलेत."