अप्पांचं आवर्तन

समोरच्या अप्पांच्या गॅलरीत दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सात वाजता आवर्तन सुटतं. ‘झाडांना पाणी घालता का?’ असं विचारलेलं त्यांना खपत नाही. पाटबंधारे खात्यात कालव्यावर चौतीस वर्षं काढलेला माणूस पाणी घालत नसतो, सोडतो. तेही टेल टू हेड. म्हणजे आधी कोपऱ्यातल्या शेवटच्या कुंडीला, मग पुढे सरकत नळाजवळच्या कुंडीला. टेलच्या शेतकऱ्यांनी जन्मभर घातलेल्या शिव्यांची ही परतफेड असावी. एकदा काकूंनी नळाजवळच्या तुळशीला आधी तांब्याभर पाणी घातलं, तर वहीत ‘हेडला अनधिकृत उपसा’ अशी नोंद झाली. सात नंबरचा फॉर्म भरल्याशिवाय पाणी नाही, एवढी सक्ती तुळशीवर झाली नाही, ती देवाची म्हणून.

काही माणसांना कुठलीही गोष्ट आपली आपण घडलेली सोसत नाही. दूध उतू गेलं तरी त्यांना कारणांसह अहवाल लागतो. अप्पा त्यांतले. अशा माणसाच्या वाट्याला नेमकं ब्रह्मकमळ यावं, हा दैवाचा खोडसाळपणा.

खरं तर आमच्या अख्ख्या सोसायटीत ब्रह्मकमळ पसरलं ते अप्पांच्याच कुंडीतून. ‘पान लावलं तरी येतं’ असं कोणी म्हणालं की अप्पा थांबवायचे. ‘पान नाही, खोड. चपटं झालेलं खोड. आणि हे ब्रह्मकमळही नाही. खरं ब्रह्मकमळ हिमालयात, उत्तराखंडाचं राज्यफूल. हे मेक्सिको-ग्वाटेमालाकडचं निवडुंग, तिकडे झाडांच्या बेचक्यांत वाढतं.’ हे सगळं ते ऐन फुलण्याच्या रात्री सांगत, समोर बायका हळदकुंकू घेऊन उभ्या असताना. फूल अर्थात दुसऱ्याच्या घरी. दर पावसाळ्यात पहिल्या मजल्यावर, चौथ्या मजल्यावर, वॉचमनच्या खोलीबाहेर फुलं उमलत आणि मूळ पुरुष म्हणून अप्पांना सन्मानाने बोलावणं जाई. स्वतःच्या कुंडीत सात वर्षं नुसता हिरवा पसारा.

आमच्याकडचं रोप एका जुन्या रंगाच्या डब्यात, वॉशिंग मशीनमागे आहे. आठवण झाली की पाणी, नाहीतर नाही. एका वर्षी त्याला पाच फुलं आली तेव्हा अप्पा पट्टी आणि वही घेऊन तपासणीला आले. डबा ठोकून पाहिला. मुळं भोकातून बाहेर डोकावत होती, तिकडे दुर्लक्ष करून त्यांनी डब्यावरचं लेबल उतरवून घेतलं. ‘ऑइलपेंट. फिक्कट पिस्ता. रंगातलं काहीतरी उतरत असणार मातीत.’ त्या आठवड्यात त्यांची कुंडी आतून फिक्कट पिस्ता झाली.

प्रयोगांची यादी मोठी आहे. पहिल्या वर्षी युरिया. झाड असं माजलं की फांदी वरच्या मजल्याच्या खिडकीत शिरून तिथल्या पडद्याला लागली. ‘नत्राने पाला, स्फुरदाने फूल,’ हे अप्पांना पाठ होतंच. युरियाचं हेच एखाद्या शेतकऱ्याने केलं असतं तर त्यांनी झापलं असतं. मग स्फुरदासाठी हाडांचा चुरा आला. तो तुळशीशेजारी, आणि नेमका श्रावणात. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. पालाशासाठी केळ्यांच्या सालींचं पाणी आलं, त्याने फुलांऐवजी चिलटं धरली. वरुडला मेहुण्यांची संत्र्याची बाग आहे. तिथे मृग बहारासाठी उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण देतात, हे कळल्यावर अप्पांनी अख्खा मे महिना ब्रह्मकमळाचं आवर्तन बंद ठेवलं. खोडांचे पापड झाले. एकदा खरोखर तीन कळ्या धरल्या होत्या, मटाराएवढ्या. पण दर रविवारी कुंडी पाव फिरवायची, म्हणजे सगळ्या अंगांना सारखा उजेड, असा नियम होता. कुंडी फिरली, कळ्या गळल्या. नियम मात्र पाळला गेला.

आणि दर पाडव्याला बढती. सहा इंची कुंडीतून आठ इंची, मग दहा, बारा, चौदा. ‘मुळांना ऐसपैस जागा मिळाली की झाड मन लावून काम करतं.’ खात्याने अप्पांना अकरा वर्षं एकाच पदावर कुजवलं होतं. निदान आपल्या हाताखालच्यावर तरी ही वेळ येऊ नये, असं त्यांना मनापासून वाटत असणार. त्यामुळे मी कधी काही बोललो नाही.

गेल्या वर्षी अप्पांचे दोन्ही गुडघे बदलले. पाडव्याला ते वॉकरवर होते. या वर्षी वाकायला मनाई. दोन पाडवे बढतीची फाइल टेबलावर पडून राहिली.

जुलैत एका खोडाच्या खाचेत मोहरीएवढा गुलाबी ठिपका दिसला. अप्पांनी कुंडीभोवती खडूने रिंगण आखलं. मोलकरणीला गॅलरीबंदी झाली. कळी वाढली, लांबलचक देठाला लोंबकळू लागली. मग एका संध्याकाळी तिने मान वर उचलली आणि अप्पांनी सोसायटीला निमंत्रण धाडलं.

पहिल्या रात्री अठ्ठावीस माणसं आली, मसाला दूध प्यायली आणि मिटल्या कळीला नमस्कार करून साडेअकराला गेली. दुसऱ्या रात्री अकरा. तिसऱ्या रात्री मी आणि वॉचमन; दूधही साधंच, जायफळ संपलं होतं. साडेनऊला कळीचं टोक सैल झालं. बाराच्या सुमाराला ते पांढरंशुभ्र फूल वाटीएवढं होत होत बशीएवढं झालं आणि वास थेट जिन्यापर्यंत गेला. काकूंनी हळदकुंकू आणलं. कोणीतरी म्हणायला हवं म्हणून मीच म्हणालो, ‘अप्पा, हे म्हणजे मेक्सिकोचं…’

‘आज नको,’ अप्पा म्हणाले. वॉकर बाजूला सारून त्यांनी दोन्ही हात जोडले होते.

सकाळी फूल पिळलेल्या रुमालासारखं लोंबत होतं आणि अप्पा वहीत कारणमीमांसा लिहीत होते. हाडांचा चुरा, उशिरा लागू पडला: शक्य. फिक्कट पिस्ता: शक्य. ताण, दीर्घकालीन परिणाम: दाट शक्यता. अशा नऊ नोंदी झाल्या. गुडघ्यांचा उल्लेख कुठेच नव्हता.

संध्याकाळी मला बोलावणं आलं. लिफ्ट बंद होती आणि खाली रिक्षातून भलीमोठी कुंडी उतरली होती. अठरा इंची, कोरी.

‘चांगलं काम केलं, तर वर्षभर कशाला थांबवायचं? पाडव्याची वाट न पाहता देऊन टाकू,’ अप्पा म्हणाले. ‘तू फक्त वर चढव.’

तिसऱ्या मजल्यावर ती टेकवून मी धापा टाकत होतो. काकू दारात आल्या, कुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘बरं झालं,’ त्या म्हणाल्या, ‘वाण्याच्या यादीत जायफळ लिहिणार होते. आता चार वर्षं नको.’